खालचा आवाज

काठीखालून जाताना लुडमिलानं स्कर्टच्या आत गुडघे वाकवले.

काठीची दोन टोकं दोन सहायकांनी धरली होती आणि ऑपेराच्या मुलांच्या कोरसमधली मुलं एकामागून एक तिच्याखालून चालत होती. डोकं लागलं की बाजूला व्हायचं. दिग्दर्शक बास्तियान पहिल्या रांगेतल्या खुर्चीच्या पाठीला टेकून सफरचंद खात हे बघत होता. नव्या ऑपेराच्या दुसऱ्या अंकात वादळानंतरचा किनारा होता, किनाऱ्यावर पालथी पडलेली भलीमोठी बोट होती, आणि त्या बोटीच्या कुशीतल्या ठेंगण्या दारातून बाहेर येऊन ही मुलं समुद्रावर गेलेल्या बापांना हाका मारणार होती.

"मला लहान हवीत," बास्तियाननं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. "लहान आणि उपाशी. धष्टपुष्ट पोरं बापाला हाका मारायला लागली तर लोक म्हणतील, जा की होडी घेऊन शोधायला."

तेव्हा मुलं हसली होती. आता कोणी हसत नव्हतं. लुडमिलाच्या पुढचे दोन मुलगे बाजूला काढले गेले होते. त्यांतला एक लाकडी पेटाऱ्यावर बसून बुटाची नाडी पुन्हा पुन्हा सोडत-बांधत होता.

लुडमिलाची पाळी आली. जाड्याभरड्या कापडाचा तपकिरी स्कर्ट तिच्या घोट्यापर्यंत पोचत होता. टाचा न उचलता, खांदे न हलवता तिनं स्वतःला हवं तेवढं खाली नेलं आणि ती चालत गेली. काठी केसांना नुसती चाटून गेली.

"चालेल," सहायक म्हणाली.

मागून ब्रिसाची कुजबुज आली. "जिराफ बसला गं बाई."

ब्रिसा कोरसमधली सगळ्यात लहानखुरी मुलगी. ती काठीखालून उड्या मारत गेली असती तरी चाललं असतं. लुडमिलानं मागे न बघता तिला कोपरानं ढोसलं, आणि वाकलेल्या गुडघ्यांनीच चालत जाऊन ती निवडलेल्या मुलांमध्ये उभी राहिली. तालीम संपेपर्यंत तिनं पाय सरळ केले नाहीत. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली तेव्हा मांड्या थरथरत होत्या, आणि त्या थांबेपर्यंत तिनं मोजे वर चढवायचं नाटक केलं.

ऑपेराचा हंगाम सुरू झाला तेव्हा ती मधल्या रांगेतली मुलगी होती. मग ब्यूनस आयर्सच्या त्या एका हिवाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये, ती वाढतच गेली. आईनं शाळेच्या डगल्याच्या बाह्या उसवल्या, पुन्हा उसवल्या, शेवटी शेजारणीच्या मुलाचा डगला आणला. शाळेत तिचं काही बिघडत नव्हतं. इथे बिघडत होतं. आणि हे वर्ष बिघडवून चालणार नव्हतं, कारण या वर्षी पप्पा येणार होता.

तिचा पप्पा एलिसेओ दूर दक्षिणेला, नेउकेनमध्ये, तेलाच्या विहिरींवर पाइप जोडायचं काम करायचा. लुडमिला कोरसमध्ये आल्यापासून त्यानं तिला एकदाही स्टेजवर पाहिलं नव्हतं. एका वर्षी पाळी बदलून मिळाली नाही, एका वर्षी रस्ता बर्फानं बंद झाला, एका वर्षी तो निघाला आणि खेळच रद्द झाला. जानेवारीत येऊन गेला तो परत आलाच नव्हता. या वेळी त्यानं स्वतः फोन करून सांगितलं होतं, रविवारच्या पाचच्या खेळाला मी तिथे असेन, बसमधून उतरून सरळ थिएटरातच येतो.

व्हिला लुगानो वस्तीतल्या त्यांच्या घरात स्वयंपाकघर आणि आईचं पार्लर यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं की लुडमिला फ्रिजपासून दारापर्यंत आणि दारापासून फ्रिजपर्यंत वाकलेल्या गुडघ्यांनी फेऱ्या मारायची. हातात आईची माते, म्हणजे तिकडचा कडवट हिरवा चहा, पिण्याची वाटी काठोकाठ भरून धरायची. पाणी हिंदकळलं तर चाल चुकली.

तिची आई करिना दोन दिवस हे बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं झाडू भिंतीला टेकवला.

"पाय दुखतायत का तुझे?"

"नाही."

"मग म्हाताऱ्या बदकासारखी काय चालतेस?"

लुडमिलानं सांगितलं. करिनानं सगळं ऐकून घेतलं, मातेचा एक लांब घोट ओढला आणि विचारलं, "स्कर्ट केवढा आहे?"

"घोट्यापर्यंत."

"वाकल्यावर पुढे फुगत असेल. गुडघे दिसतात?"

"थोडे."

"घेऊन ये घरी. पुढून दोन चुण्या टाकते, कोणाच्या बापाला कळणार नाही." मग ती हसली. "तुझ्या बापाला दिसली पाहिजेस म्हणजे झालं."

चुण्या टाकलेला स्कर्ट खरंच चांगला पडत होता. पुढचा आठवडाभर लुडमिला बोटीच्या दारातून बाहेर आली, किनाऱ्यावर चालली, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. निदान तिला तसं वाटलं.

तोवर स्टेजवर नुसतं चालणं बसवलं होतं; मग पहिल्यांदा सगळा कोरस वाद्यवृंदाबरोबर तिथे गायला उभा राहिला.

मुलांच्या गाण्यात दोन आवाज होते. वरच्या आवाजाला चाल होती. ती एकदा ऐकली की शिपायापासून सुतारापर्यंत सगळे गुणगुणत फिरायचे. खालचा आवाज तिच्याखाली चालायचा, थोडा चढायचा, परत यायचा, बराच वेळ एकाच सुरावर थांबायचा. लुडमिला खालच्या आवाजात होती. तिच्या आजूबाजूची सहा-सात मुलं तिच्यापेक्षा नवी होती आणि अडलं की तिच्याकडे कान लावायची. हे ती जाणून होती आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

गुडघे वाकवून ती चालू शकत होती. गाताना मात्र श्वास बरगड्यांच्या मध्यावर येऊन अडायचा. लांब सुराचा शेवट तिला पुरत नव्हता. तिनं तो थोडा आधी सोडला. शेजारच्या मुलानं तिचा सोडलेला ऐकला आणि आपलाही सोडला. त्याच्या पलीकडची मुलगी घाबरून वरच्या आवाजात शिरली.

कोरसला गाणं शिकवणाऱ्या मायेस्त्रा एल्सिरा अंधाऱ्या प्रेक्षागृहातून चालत पुढे आल्या. साठी ओलांडलेली, आखूड केसांची बाई. आवाज कधी चढवायच्या नाहीत.

"खालचा आवाज कुठे गेला?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"कालपर्यंत होता. बोटीत राहिला का?"

दोघं-तिघं हसली. लुडमिला हसली नाही. पुन्हा गाऊन घेतलं, आणि पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळेला वाद्यवृंदाच्या संचालकानं घड्याळ बघितलं आणि पुढचं पान काढायला सांगितलं.

मुलांची तालमीची खोली जमिनीखाली होती. वरून बस गेली की पियानोच्या झाकणावरचा पाण्याचा पेला किणकिणायचा. सगळी मुलं गेल्यावर मायेस्त्रांनी लुडमिलाला थांबवून घेतलं आणि पियानोपाशी बसल्या.

"सरळ उभी राहा."

"उभीच आहे."

"नाही."

लुडमिलानं खाली बघितलं. गुडघे वाकलेले होते. अंगात स्कर्ट नव्हता, काठी नव्हती, कोणी बघत नव्हतं, तरी ते वाकलेले होते. तिनं ते हळूहळू सरळ केले. तिची नजर मायेस्त्रांच्या बरोबरीला आली आणि मग त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली.

मायेस्त्रांनी एक पट्टी दाबली. "गा."

लुडमिला तो लांब सूर गायली. तो पुरला. पुरून थोडा उरलाही.

"हा माझा खालचा आवाज," मायेस्त्रा म्हणाल्या. "मी याला चार वर्षं ओळखते. स्टेजवर आज जी मुलगी होती ती कोण होती, मला माहीत नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"काठीच्या दिवशीच."

"मग बोलला का नाहीत?"

मायेस्त्रांनी पेला उचलून खाली ठेवला. "वाटलं, तुला दोन्ही जमेल. मलाही ते हवं होतं. नाही जमत, बाळा. कोणालाच जमणार नाही. वाकून श्वास घेता येत नाही, त्याला तू काय करशील."

लुडमिला पायांकडे बघत होती.

"आता ऐक. दोन जागा आहेत. एक, बोटीच्या मागे. काळे कपडे घालायचे, अंधारात उभं राहायचं, संचालकाचा हात दाखवायला टीव्हीसारखा एक छोटा पडदा लावून देतील. तिथून सरळ उभी राहून गा. तुला कोणी बघणार नाही. दुसरी जागा, आहेस तिथेच. वाकून राहा, चाल, हाक मारल्यासारखे हात पुढे कर. पण मग गायचं नाही. नुसते ओठ हलवायचे."

"हळू गायले तर?"

"तू हळू गायलीस की तुझ्या आजूबाजूची सगळी तुझ्याबरोबर बुडतात. आज बघितलंस ना. अर्ध्या आवाजापेक्षा आवाज नसलेला परवडला."

"रविवारी माझा पप्पा येणार आहे."

"माहीत आहे मला. ब्रिसा सगळ्यांना सांगत असते." मायेस्त्रांनी पियानोचं झाकण लावलं. "म्हणून तर मी ठरवत नाहीये. उद्या मला सांग."

घरी करिनानं ऐकताना एका बाईचे केस रोलरवर गुंडाळणं थांबवलं नाही. बाई गेल्यावरच ती बोलली.

"ओठ हलव."

"आई."

"अगं, त्याला काय कळतंय गाण्यातलं? रात्रभर बसमध्ये बसून येणार तो. सगळ्यात वरच्या मजल्यावर उभ्याची तिकिटं आहेत आपली. तो तुला बघायला येतोय, ऐकायला नाही. इतकी मुलं गातात, एकीनं नाही गायलं तर ऑपेरा बंद पडतो का?"

"खालचा आवाज पडतो."

"पडू दे एक दिवस. सोमवारी गा मोठ्यानं."

जेवण झाल्यावर लुडमिला पडदा सारून पार्लरमध्ये गेली. आरशाभोवतीचे दिवे लावले. गुडघे वाकवले, हात पुढे केले आणि आवाज न काढता गाणं सुरू केलं. आरशातली मुलगी तोंड उघडत होती, मिटत होती. सूर जिथे लांब थांबायचा तिथे तिचं तोंड नुसतंच उघडं राहिलं. लुडमिला ते शेवटपर्यंत बघत राहिली. मग तिनं दिवे बंद केले, स्कर्ट काढून त्याची घडी घातली आणि तो दप्तरात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं मायेस्त्रांना 'बोटीच्या मागे' एवढंच सांगितलं, स्कर्ट कपडेपटाच्या टेबलावर ठेवला आणि कोणालाही न विचारता स्टेजवर गेली. सुतार बोटीला रंगाचा हात देत होते. ती बोटीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली, जिथे तिची जागा होणार होती तिथे. बोटीचं लाकूड तिच्या डोक्याच्याही वर जात होतं. फळ्या एकीला एक घट्ट जोडलेल्या होत्या. तिनं तो लांब सूर गाऊन बघितला. आवाज लाकडाला आपटून तिच्याच तोंडावर आला.

बास्तियान खाली प्रेक्षागृहात दिव्यांच्या माणसाशी बोलत होता. ती पायऱ्या उतरून त्याच्यापाशी गेली आणि त्याचं बोलणं संपायची वाट बघत थांबली. संपत नव्हतं, म्हणून मध्येच बोलली.

"बोटीची एक फळी काढायला हवी."

त्यानं वळून बघितलं. "तू कोण?"

"कोरसमधली. खालचा आवाज."

"मोठ्यांच्या कोरसमधली?"

"मुलांच्या."

तो तिला वरपासून खालपर्यंत बघत राहिला. "मुलं मी काठीनं मोजून घेतली होती. तू त्यात नव्हतीस."

"होते. गुडघे वाकवून गेले."

दिव्यांचा माणूस हसायला लागला. बास्तियान हसला नाही.

"म्हणजे फसवलंस मला."

"हो. आता नाही फसवत. मी बोटीच्या मागून गाणार आहे, सरळ उभी राहून. पण माझा आवाज पुढच्या मुलांना ऐकू आला पाहिजे, नाहीतर उपयोग नाही. ती माझ्या आवाजावर उभी असतात. मधली एक फळी काढली तर जाईल."

"बोटीला भोक पडलं तर ती बोट दिसेल का?"

"वादळात सापडलेली आहे ना ती," लुडमिला म्हणाली. "एखादी फळी तर गेलीच असेल."

बास्तियाननं दिव्यांच्या माणसाकडे बघितलं, मग बोटीकडे. बराच वेळ बोटीकडे बघत राहिला. शेवटी सुतारांना हाक मारून म्हणाला, "अरे, त्या कुशीतली तिसरी फळी काढा बरं. नाही, तोडल्यासारखी काढा, कापल्यासारखी नको." मग लुडमिलाकडे न बघताच विचारलं, "नाव काय तुझं?"

तिनं सांगितलं. त्यानं ते लक्षात ठेवलं असेल असं काही दिसलं नाही.

आईला हे सांगायला मात्र तिला जास्त धीर करावा लागला. करिना काही ओरडली नाही. तिनं कंगवे धुतले, पुसले, एका रांगेत लावले.

"मग त्याला काय सांगायचं?"

"खरं ते."

"आधी नको सांगूस. उगीच बसमध्ये तोंड पाडून बसेल." कंगव्यांची रांग तिनं पुन्हा मोडली. "आणि नंतरचं नंतर बघू."

शुक्रवारचा पहिला खेळ चांगला गेला. रविवारी पावणेपाचला करिनाचा निरोप आला की पप्पा पोचला, वर उभे आहोत, गर्दी आहे. लुडमिलानं फोन दप्तरात टाकला. काळी पँट, काळा स्वेटर, काळे मोजे. आजूबाजूला चिंध्या नेसलेली मुलं एकमेकांच्या गालांना काजळी फासत होती.

"मला सांग कुठे उभा आहे तुझा पप्पा," ब्रिसा म्हणाली. तिच्या डोक्याला लाल रुमाल बांधला होता. सगळ्यांत पुढे तीच असायची. "तिकडे बघून हाक मारते. तुझ्या वतीनं."

"समोर बघ आणि ताल सांभाळ," लुडमिला म्हणाली. "गेल्या वेळी दुसऱ्या ओळीत पळत सुटली होतीस."

"जिराफाला फार दिसतं."

"उंचावरून दिसतंच."

ब्रिसानं जीभ काढून दाखवली आणि बोटीच्या दारातून आत रांगत गेली.

लुडमिला आपल्या जागेवर उभी राहिली. पाय खांद्याइतके दूर घेतले. छोट्या पडद्यावर संचालकाचा करडा हात दिसत होता. तुटलेल्या फळीतून तिला खालच्या आवाजातल्या मुलांच्या माना दिसत होत्या, त्यापलीकडे दिव्यांची पिवळी भिंत, आणि त्याच्याही पलीकडे काहीच नाही. पप्पा त्या काहीच नाहीमध्ये कुठेतरी वर होता.

हात उचलला गेला. तिनं पोटापर्यंत श्वास घेतला.

पहिल्याच ओळीला समोरच्या एका मुलाची मान किंचित मागे झुकली, पाठीला भिंत लागल्यावर झुकते तशी. मग दुसऱ्याची. वरच्या आवाजाची चाल सुरू झाली, ब्रिसा या वेळी पळाली नाही, आणि लांब सूर आला. लुडमिलानं तो धरला. सगळी मुलं त्यावर थांबली. शेवटी संचालकाच्या हातानं तो मिटवला तेव्हा तिच्याकडे अजून श्वास होता. वरून टाळ्यांचा आवाज आला, तिच्यापर्यंत येईतो मऊ झालेला.

कलावंतांच्या दाराबाहेर आईबापांची गर्दी होती. संध्याकाळ अजून उजेडाची होती. एलिसेओ पायरीखाली उभा होता, खांद्याला प्रवासाची पिशवी, दाढी करताना कापल्याची ताजी जखम हनुवटीवर. बाहेर येणाऱ्या मुलांवरून त्याची नजर फिरत होती, खाली, त्यांच्या डोक्यांच्या उंचीवर. लुडमिलावरूनही ती फिरली आणि पुढे गेली.

"पप्पा."

नजर परत आली आणि वर आली. त्यानं पिशवी खाली ठेवली. मिठी मारताना काय करावं हे त्याला क्षणभर सुचलं नाही. आधी तो तिला उचलून घ्यायचा. शेवटी त्यानं तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं.

"हे काय," तो करिनाला म्हणाला. "काय खायला घालतेस हिला?"

"तुझे पैसे," करिना म्हणाली.

ते चालत कोपऱ्यावरच्या पिझ्झेरियात गेले. टेबलं भरली होती, म्हणून उभ्यानंच खायच्या काउंटरला टेकले. एलिसेओनं तिघांसाठी चीजचा पिझ्झा सांगितला, स्वतःला गोड वाइनचा छोटा ग्लास. पहिला घोट घेतल्यावर त्याचा चेहरा सैल झाला.

"मी पहिल्या मिनिटातच ओळखलं तुला," तो म्हणाला. "हिला विचार. मी म्हणालो, ती बघ, ती पुढची, लाल रुमालवाली. वरून एवढीशी दिसत होतीस. मी डोळेच हलवले नाहीत तुझ्यावरून. शेजारच्या माणसालाही सांगितलं, माझी मुलगी आहे म्हणून."

करिनाचा पाय काउंटरखाली लुडमिलाच्या पायावर आला आणि थांबला. लुडमिलानं आईकडे बघितलं. करिना पिझ्झ्याचा तुकडा कापत होती, वर बघत नव्हती. हो म्हटलं की झालं, असं तिच्या पायाचं म्हणणं होतं. उद्या दुपारी तो परत जाणार होता.

लुडमिलानं आपला पाय काढून घेतला.

"ती मी नव्हते, पप्पा. ती ब्रिसा."

एलिसेओनं ग्लास ठेवला. "मग तू कुठली?"

"मी दिसत नव्हते. बोटीच्या मागे होते. मी उंच झालेय ना, तर स्टेजवर नाही घेत या खेळात. मागून गात होते."

"सगळा वेळ?"

"मुलांचं गाणं आहे तेवढा वेळ."

पिझ्झावाल्यानं काउंटर पुसून काढलं, त्यांच्या थाळ्या उचलून परत ठेवल्या. एलिसेओ तो गेल्यावर बोलला.

"मला माहीत असतं तर मी ऐकलं असतं," तो सावकाश म्हणाला. "मी नुसता बघत होतो. आठवतंय का बघतो... नाही. तुझा आवाज वेगळा असा मला नाही ऐकू आला."

"वेगळा ऐकू आला असता तर मी चुकले असते."

त्यानं ग्लास बाजूला सरकवला.

"खालचा आवाज असाच असतो," लुडमिला म्हणाली. "तो गेला तरच लोकांना कळतं."

"म्हणून दाखव."

"इथे?"

"हळू. मला पुरेल."

लुडमिलानं तोंड पुसलं आणि काउंटरकडे बघत, जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात गायली. त्यात चाल नव्हती. आवाज थोडा चढला, परत आला, एका सुरावर थांबला. बराच वेळ थांबला. पलीकडे भट्टीचं दार उघडत-मिटत होतं. शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांनी बोलणं थांबवलं नाही. गाणं चाललंय हे त्यांना कळलंही नसावं. एलिसेओ डोकं तिच्याकडे कलवून शेवटपर्यंत उभा राहिला. त्याच्या थाळीतलं चीज थिजत गेलं.

"एवढंच?" त्यानं विचारलं.

"एवढंच."



एलिसेओनं अंगठ्यानं काउंटरची कड हळूच चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "आमच्याकडे पाइपचा जोड हाताला जाणवला तर अख्खं काम परत करायला लावतात," तो म्हणाला. त्यानं गार झालेला तुकडा उचलला, अर्धा खाल्ला, वाइन संपवली. मग खिशातून फोन काढून मुकादमाचा नंबर शोधू लागला.

"पुढचा खेळ कधी असतो?"

"मंगळवारी," लुडमिला म्हणाली. "आठला."

"आणि तिथे वर," तो नंबर लावता लावता म्हणाला, "डोळे मिटून उभं राहिलं तर कोणी काही म्हणतं का?"